सहा पट्ट्यांवरचे खळगे

या प्रकरणात माझ्यावर कोणीच कधी रागावलं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं. चार शब्द ऐकून घेतले असते, दोन उलट सुनावले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. माझा स्वभावच तसा आहे, कडाक्याचं भांडण झालं की मला हलकं वाटतं. पण रोह्याच्या बाई माझ्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि शेवटपर्यंत ठेवला.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना वडिलांचा, पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचा हात थरथरायला लागला आणि मूर्तींचे डोळे आखायचं काम माझ्याकडे आलं. पेणमध्ये रंगाला आणि घासायला बायका पुष्कळ असतात, डोळे मात्र बहुतेक ठिकाणी बापयेच आखतात. त्यामुळे पंचविसाव्या वर्षी माझं नाक जे वर गेलं ते खाली यायचं नाव घेईना. त्यातही मला खरी घमेंड होती ती दुरुस्तीची. मोडलेला कान, उडालेला टवका, सोंडेवरची चीर मी अशी भरायचे की ज्यानं मोडलं त्यालाही जागा सापडू नये.

आमच्या धंद्यात ते लागतंच. खंडित मूर्ती कोणी घरात घेत नाही. टवका दिसला, भरा. खड्डा दिसला, घासा. सगळं गुळगुळीत झालं की मगच मूर्ती दाराबाहेर जाणार. हे मला कोणी समोर बसवून शिकवलं नाही, शाडूच्या वासासारखं ते अंगात मुरलं. अजूनही कुणाकडे पाहुणी गेले आणि भिंतीचा पोपडा निघालेला दिसला, तर माझं लक्ष बोलण्यात राहत नाही.

त्या वर्षी रोह्याच्या एका काकूंची मूर्ती टेम्पोतून नेताना आदळली आणि आशीर्वादाच्या हाताची दोन बोटं गेली. गणपती बसायला एकच दिवस होता. त्या घरी आमचीच मूर्ती जायची दरवर्षी, म्हणून मी डबा-ब्रश घेऊन पहिल्या गाडीनं रोह्याला गेले आणि त्यांच्या ओटीवर बसून बोटं नवीन केली. बघायला सगळी आळी जमली होती. तेव्हा समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई काकूंच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश पुढे आल्या.

"जोड हाताला लागतो का गो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा," मी म्हटलं. मूर्ती अजून पूजेला बसली नव्हती, तेव्हा हात लावायला हरकत नव्हती. रंग सुकलाय हे बघून मी त्यांचा हात धरून मूर्तीच्या हातावर ठेवला. त्यांनी दोन्ही बोटांवरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि हसल्या.

"माझ्याकडे पण एक काम हाय," त्या म्हणाल्या. "गणपतीचं नाय. पियानोचं."

बाई रोह्याच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांची रोह्यात तेव्हा दोन-तीनच घरं उरली होती, बाकीची एकेक करून इस्रायलला गेली होती. बाईंचा मुलगाही तिकडेच होता. काचबिंदूनं बाईंची नजर गेलेली, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, म्हणून दिवाळीनंतर तो त्यांना कायमचं घेऊन जाणार होता.

विसर्जन झाल्यावर कारखाना थंडावला तशी मी त्यांच्याकडे गेले. पियानो मी त्याआधी जवळून पाहिलेलाच नव्हता. माजघरात भिंतीला टेकून तो उभा होता, आमच्या घरातल्या कपाटाएवढा. बाईंच्या आजोबांनी तो मुंबईत कुण्या साहेबाच्या सामानातून घेतला आणि पडावात घालून कुंडलिकेच्या खाडीतून रोह्याला आणला. उतरवताना आठ माणसं लागली होती म्हणे. पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताची पातळ पाती चिकटवलेली होती, नखाएवढ्या जाडीची, जुन्या तुपासारख्या रंगाची. मधल्या भागातल्या तीन पट्ट्यांची पाती निघाली होती आणि खालचं लाकूड उघडं पडलं होतं. दोन पाती बाईंनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. तिसरं कुठे गेलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

"जायच्या आधी घरी मलिदा करणार," बाई म्हणाल्या. मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवसाचा, शुभकार्याचा विधी. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडतात आणि एलियाहू नबीची प्रार्थना म्हणतात. "त्या दिवशी मला आईचं गाणं वाजवायचंय. मग हा पियानो काय परत माझ्या हाताला लागायचा नाय. पण जागा चाचपताना मध्येच बोटाला लाकूड लागतं, गो. लाकूड लागलं की मी थांबते."

मुंबईहून एक जाणकार माणूस बोलावला होता, असंही त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, सगळीच पाती काढून टाकू, झकास नवं प्लास्टिक बसवू. "त्याला चहा पाजला आणि गाडीची वेळ सांगितली," बाई म्हणाल्या. मी हसले. त्या माणसाला का घालवलं एवढं जरी मी त्यांना विचारलं असतं, तरी पुढचं काही घडलं नसतं. पण मला त्याची हार झाली यातच आनंद होता.

पुढची फळी काढली की पट्ट्या एकेक करून उचलून बाहेर काढता येतात. लांबलचक लाकडी काठीच असते, आपल्याला दिसतं ते तिचं फक्त तोंड. प्रत्येकीवर आकडा ठोकलेला. तीन पट्ट्या काढल्या, आणि मग मी म्हटलं, रंग जुळवायला आजूबाजूच्याही न्याव्या लागतील. हे काही खरं नव्हतं. रंग मी तिथेच बसून तासाभरात जुळवला असता. पण एवढी मोठी, अनोळखी वस्तू कारखान्यात नेऊन वडिलांपुढे मांडायची मला हौस होती. मी मधल्या पंधरा पट्ट्या काढल्या.

बाईंनी रिकाम्या जागेवरून हात फिरवला. त्यांचा चेहरा जरा उतरला.

"जशाच्या तशा आणशील ना?"

"जशाच्या तशा, बाई."

"तीनच नीट कर. बाकीच्यांना हात लावू नको."

"नाही लावत."

शेवटी त्यांनी आपणहून एक युक्ती सांगितली. उजवीकडची अगदी टोकाची पट्टी कोणी वाजवत नाही, तिचं पातं काढून हरवलेल्याच्या जागी बसव आणि टोकाला काहीही लाव. म्हणून ती सोळावी पट्टीही घेतली. सगळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या. परतीच्या गाडीत माझ्यासमोर कासूला उतरणारी मिठागरावरची एक बाई बसली होती. ती माझ्या गाठोड्याकडे टक लावून बघत होती.

"काय गो बाय, लेझमी हायेत का?"

"नाय, पियानोचे दात."

"अगो माय!" ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली. मी कासूपर्यंत हसत होते.

काम मात्र मी चांगलं केलं. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या चांगल्या कामातूनच झालं. पहिलं पातं मी साध्या सरसानं चिकटवलं तर ते काळपट दिसायला लागलं. हस्तिदंतातून खालचं दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मग ते ओल्या फडक्यानं आणि गरम इस्त्रीनं हलक्या हातानं सोडवलं, सरसात खडूची पूड कालवली आणि परत बसवलं. तुपाचा रंग लगेच वर आला. वर लाकडाचा ठोकळा ठेवून सुतळीनं करकचून बांधलं आणि दोन दिवस हात लावला नाही. टोकाच्या पट्टीला आमच्या भजनी मंडळाच्या मोडक्या पेटीचा पांढरा तुकडा कापून लावला आणि हस्तिदंतात असतात तशा बारीक रेघा डोळे आखायच्या ब्रशानं त्यावर काढल्या. वडिलांनी चष्मा लावून पाहिलं आणि खरं-खोटं त्यांना ओळखता येईना. "हात हाय तुझ्यात," ते म्हणाले. ते सहसा असं म्हणायचे नाहीत.

तिथे मी थांबायला हवं होतं.

सोळाही पट्ट्या फळीवर ओळीनं मांडल्या होत्या. खिडकीतून तिरका उजेड आला आणि त्या उजेडात मला दिसलं की त्यातल्या सहा पट्ट्या सपाट नाहीत. पुढच्या बाजूला, जिथे बोट पडतं तिथे, प्रत्येकीवर एक खळगा होता. खोल नव्हता, पण बोट फिरवलं की कळायचा. पाच लागोपाठच्या पट्ट्यांवर होते आणि एक जरा डावीकडे. मी ज्या तीन पट्ट्या नीट केल्या होत्या त्या यांतल्या नव्हत्या, त्या कशा सरळ, चकचकीत दिसत होत्या. आणि शेजारी हे सहा खड्डे.

मला ते बघवेना. मी दुसरं काम हातात घेतलं, परत येऊन बघितलं. असं कसं द्यायचं? कोणी म्हणेल, तीन केल्या आणि सहा तशाच दिल्या. बाईंना कुठे दिसतंय, हेही मनात आलं, आणि लगेच असंही आलं की हात फिरवल्यावर त्यांना किती बरं वाटेल. "हे पण केलंस गो?" असं त्या म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. आधी काचेच्या धारेनं पाती वरून तासली, मग पॉलिश पेपर मारला, मग ओल्या फडक्यावर खडूची पूड घेऊन घासलं. खळगे जाईपर्यंत घासलं. आख्खी दुपार त्यात गेली आणि मी मजेत गुणगुणत होते.

वडील मागून येऊन उभे राहिले. एक पट्टी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"पातळ झालं गो हे. बाईंनी सांगितलंय का असं करायला?"

"व्हय," मी म्हटलं.

वडिलांशी खोटं बोलायची मला काही गरज नव्हती. ते ओरडले नसते. पण तो प्रश्न पुढे वाढू नये म्हणून मी घाईनं हो म्हणून टाकलं. म्हणजे तेव्हाच मला कळलं होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की मला काय माहीत, मी चांगल्यासाठीच केलं. तो "व्हय" आठवला की ते सगळं गळून पडतं.

दिवाळी झाल्यावर पट्ट्या घेऊन रोह्याला गेले. मलिद्याला चार दिवस होते. आकडे बघून एकेक पट्टी बसवली, फळी लावली आणि ओढणीनं सगळ्या पुसून घेतल्या. काकू समोरून चहा घेऊन आल्या होत्या, त्याही बघत उभ्या राहिल्या. बाई स्टुलावर बसल्या. आधी त्यांनी नवीन तीन पट्ट्या चाचपल्या आणि मान डोलावली. टोकाची पण चाचपली. "प्लास्टिक ना? छान केलंस." मी खूश होऊन काकूंकडे बघितलं.

मग बाईंनी उजवा हात मधोमध आणला आणि पाचही बोटं एकदम खाली ठेवली. ठेवली आणि उचलली. एक घर सरकून परत ठेवली. परत उचलली. डावा अंगठा पुढे आला, त्यानंही शोधलं. सूर काही निघाला नाही, त्या दाबतच नव्हत्या, नुसत्या चाचपत होत्या.

"दुसऱ्याच पट्ट्या आणल्यास काय गो?"

"नाही बाई, त्याच आहेत. आकडे बघून बसवल्यात."

"मग माझे खळगे कुठं गेले?"

मी ओढणीनं परत फळी पुसायला लागले. त्यांना वाटलं मला कळलंच नाही, म्हणून त्या मला समजावून सांगायला लागल्या. शिकवायची सवय होती ना.

"आईला सगळा पियानो येत नव्हता. शिकवणार कोण? ऐकून ऐकून तिनं सहा पट्ट्या शोधल्या आणि सगळी गाणी त्या सहांत बसवली. ज्या गाण्याला सातवी लागेल ते गाणं ती वाजवायचीच नाय. चाळीस वर्षं रोज सकाळी त्याच सहा. तिच्या बोटांनी खळगे पडले होते. मी लहान असताना ती माझं एकेक बोट धरून त्यांत ठेवायची. अजून ठेवलं की ती बाजूला बसलीय असं वाटतं." मग भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "तिचा फोटो हाय तिथं. पण मला आता फोटो दिसत नाय."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण काकू चहाचा ट्रे घेऊन तिथेच होत्या, मघाशी माझं कौतुक झालं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं:

"बाई, पाती चिकटवताना ओलावा लागतो ना. ओलाव्यानं हस्तिदंत फुगतं. त्यानं सपाट झाले असतील."

किती सहज सुचलं मला ते. कुणी शिकवल्यासारखं.

बाईंनी परत एकदा पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. त्या वेळी तो उजळला नसता तर बरं झालं असतं.

"म्हणजे सुकल्यावर परत येतील?"

"येतील," मी म्हटलं. "थोडे दिवस लागतील."

मलिद्याला मला आग्रहानं बोलावलं होतं. न जाण्याची कारणं मी तीन शोधली आणि तिन्ही वडिलांनी उडवून लावली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे रोह्यात कुठे, म्हणून पनवेल, अलिबागहून नातेवाईक आले होते. घर बऱ्याच वर्षांनी भरलं होतं. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर केळी, सफरचंदं, खजूर. प्रार्थना झाली, प्रसाद वाटला. माझ्या हातात पोह्यांचा द्रोण आला आणि त्यातले दाणे मी नुसतेच इकडचे तिकडे करत राहिले.

मग बाईंचे धाकटे भाऊ म्हणाले, "आक्का, बस आता. आईचं होऊन जाऊ दे." सगळ्यांनी स्टूल ओढून पुढे ठेवलं. बाई बसल्या. बोटं पट्ट्यांवर ठेवली, जरा थांबल्या आणि हात मांडीवर घेतले.

"आज नको रे," त्या म्हणाल्या. "पट्ट्या अजून ओल्या हायेत."

"ओल्या कशा असतील? चांगल्या तर दिसतायत," भाऊ म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं? हिला विचार. पेणला कारखाना हाय हिच्या बापाचा. सुकायला वेळ लागतो."

आणि सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. भाऊ "असं होय" म्हणाले, कोणीतरी दुसरा विषय काढला, आणि बाईंचं आपल्या घरात शेवटचं वाजवायचं राहिलं ते राहिलंच. जाताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. मला तिथेच पाय धरावेसे वाटले. पण तसं काही न करता मी सव्वापाचची गाडी पकडली.

दोन दिवसांनी त्या गेल्या. घराची किल्ली काकूंकडे राहिली. मी स्वतःला कामात गाडून घेतलं आणि महिना-दोन महिन्यांनी मला बऱ्यापैकी विसरायलाही झालं. मग कारखान्याच्या पत्त्यावर निळं हवाई पत्र आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी, पण बोलणं बाईंचंच. तब्येत बरी आहे, थंडी फार आहे, भाकरी मिळत नाही. आणि खाली: "खळगे आले का ते बघून कळव. शेजारीण म्हणते तिला काही समजत नाही. तुझ्या बोटाला समजेल."

मी रोह्याला गेले. का गेले ते सांगायला लाज वाटते. बघायला काय होतं? पर्समध्ये मी पॉलिश पेपरचे बारीक तुकडे नेले होते. काकूंनी दार उघडून दिलं आणि चहा टाकायला त्या आपल्या घरी गेल्या. मी स्टुलावर बसले, पेपर बोटाला गुंडाळला आणि खळगे करायला घेतले. मला काय अवघड होतं, एवढ्या मूर्तींच्या बेंब्या कोरल्या होत्या. पहिल्या पट्टीवर सात-आठ हात मारले तर पात्याखालचं लाकूड सावलीसारखं दिसायला लागलं. मी ते आधीच इतकं पातळ करून ठेवलं होतं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की तो खळगा माझ्या बोटाच्या मापाचा होतोय. त्यांच्या आईचं बोट केवढं होतं मला काय ठाऊक? पेपर मुठीत लपवला आणि काकूंचा चहा उभ्याउभ्या पिऊन निघाले.

घरी येऊन तीन वेळा पत्र लिहायला घेतलं. "बाई, ते खळगे मी घासून काढले" एवढं एकच वाक्य लिहायचं होतं. पहिल्यांदा लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा वाटलं, पत्र वाचून दाखवणारं माणूस परकं, त्याच्यासमोर बाईंना हे ऐकावं लागेल. हे मी बाईंची काळजी म्हणून म्हणत नव्हते, हे तेव्हाही मला कळत होतं. तिसऱ्यांदा लिहिलं: "खळगे येत आहेत. अजून पूर्ण नाहीत." आणि स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले.

त्यावर उन्हाळ्यात बाईंचं उत्तर आलं. असं पत्र मला आयुष्यात कोणी लिहिलं नाही. त्यांनी मला पोटभर आशीर्वाद दिले होते. माझ्या हातांना, वडिलांच्या हातांना, कारखान्याला, सगळ्यांना. आणि लिहिलं होतं की मुलाच्या मागे लागलेय, एकदा मला रोह्याला ने, एकदा बोटं ठेवू दे, मग काही मागणार नाही. तो हो म्हणालाय. येत्या दिवाळीनंतर येतो आहोत.

त्या पावसाळ्यात मला झोप लागायची, जेवणही जायचं, लोक म्हणतात तसं काही झालं नाही. पण दिवाळी हा शब्द कोणी काढला की मी उठून बाहेर जायचे. चिडचिड इतकी वाढली की रंगाला येणाऱ्या बायका मला टाळायला लागल्या. मी मनातल्या मनात भांडायचे, आणि तेही बाईंशीच. एवढ्याशा खड्ड्यांसाठी एवढ्या लांबून कशाला यायचं? म्हातारपणी एका जागी बसवत नाही का? असं मी त्या आंधळ्या, भल्या बाईंना मनात बोलत होते.

श्रावणात कारखान्यातला फोन वाजला. गणपतीला पंधरा दिवस होते, मी डोळे आखत होते आणि हाताला रंग होता, म्हणून वडिलांनी घेतला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला. रोह्याच्या काकू होत्या, आणि रडत होत्या.

"बाई गेल्या गो. काल गेल्या. त्यांच्या भावाचा निरोप आलाय. दिवाळीनंतरचं तिकीट पण काढून झालं होतं. रोज म्हणायच्या म्हणे, त्या पोरीनं लिहिलंय, येतायत खळगे."

"अरेरे," मी म्हणाले. वडिलांनी काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं, तेही हळहळले. बाईंसाठी मी रडले, खूप रडले, पण ते दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी, काकूंचं वाक्य संपायच्या आधीच, माझा जीव भांड्यात पडला होता. आता त्या येणार नव्हत्या. मी ब्रश उचलला, आणि संध्याकाळपर्यंत अकरा मूर्तींचे डोळे आखले, आणि माझा हात एकदाही हलला नाही.